कप ओला आहे ना?

आमच्या कचेरीत कोण नोकरीवर आहे आणि कोण नाही, हे हजेरीपटावरून कळत नसे. ते कळायचं कपावरून.

नवा माणूस हे ऐकून हसायचा. आम्ही त्याला हसू द्यायचो. नोकरी पक्की झाली की तोही घरून निवडून एक कप घेऊन यायचा आणि आपला कप टांगायचा आकडा कुठला, हे चारचौघांना विचारत फिरायचा.

कचेरी शब्दकोशाची होती. इंग्रजी शब्द, त्याचा आपल्या भाषेतला अर्थ आणि तो शब्द मुळात कुठून आला, असा जाडजूड कोश आम्ही करत होतो. 'करत होतो' असं मुद्दाम म्हणते, कारण मी लागले तेव्हा तो चालू होता आणि माझे केस पिकायला लागले तरी चालूच होता. आमचा काळसुद्धा आम्ही अक्षरांनी मोजायचो. मी 'एम'मध्ये लागले. थोरल्या संपादकांची मुलगी 'जी'मध्ये झाली. कुणी साल सांगितलं तर आम्हाला चटकन कळायचं नाही, अक्षर सांगितलं की लगेच कळायचं.

जिना चढून आलं की लांबट खोली, खिडक्यांच्या कडेने टेबलं, भिंतभर चिठ्ठ्यांचे खण, आणि टोकाला पडदा लावून केलेली चहाची जागा. तिथे स्टोव्ह, मोरी आणि मोरीवर लाकडाची एक फळी. फळीला पितळी आकडे, आणि एकेका आकड्याला एकेकाचा कप कानाने टांगलेला. थोरल्या संपादकांचा कप जवळजवळ तांब्याएवढा. माझा फुलांचा, त्या वयाला शोभणारा. आमच्या व्यवस्थापकांचा स्टीलचा, कारण काच फुटते आणि फुटलेल्या वस्तूची नोंद करावी लागते.

पडद्यामागे राज्य मावशींचं. उंच, हाडकुळ्या, कमरेला कायम एक ओलसर फडकं खोचलेलं, आणि आवाज असा की त्या "चहा" म्हणाल्या की खालच्या मजल्यावरचा शिंपीसुद्धा वर बघायचा. मावशी 'ए'पासून होत्या. म्हणजे कोशाचं पहिलं पान लिहिलं गेलं त्या दिवशीचा चहासुद्धा त्यांच्याच हातचा. त्यांचा नवरा 'सी'मध्ये गेला, लेक 'एच'मध्ये शाळेत जायला लागली, आणि स्वतःच्या आयुष्याचा हिशेब त्या अशाच अक्षरांत सांगायच्या. ऐकणाऱ्या परक्या माणसाला वाटायचं, बाईंचं डोकं ठिकाणावर नाही.

चहा टेबलावर ठेवताना त्या प्रत्येकाला विचारायच्या, "आज कुठला शब्द?" आपण सांगायचा. मग त्या मान हलवायच्या, जणू त्या शब्दाला त्या लहानपणापासून ओळखत होत्या. दुसऱ्या दिवशी तोच शब्द सांगितला तर म्हणायच्या, "अजून तोच?" त्या दोन शब्दांची मला जेवढी धास्ती होती तेवढी संपादकांच्या लाल पेनाचीही नव्हती.

आता त्या कपांच्या नियमाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं होतं.

आमच्या व्यवस्थापकांना आम्ही पाठीमागे कलमसाहेब म्हणायचो. कुठल्याही गोष्टीला त्यांच्याकडे एखादं कलम असायचं आणि नसेल तर ते संध्याकाळपर्यंत करायचे. मागे एकदा एक गृहस्थ दुसरीकडे नोकरीला लागले, तरी मित्रमंडळी इथे त्यांची सही ठोकत राहिली. तेव्हापासून कलमसाहेबांचा हजेरीपटावरचा विश्वास उडाला. सही कुणीही करतो, पण दुसऱ्याच्या कपातून चहा कुणी पीत नाही, असा त्यांचा सिद्धान्त. तो खराही होता. आमच्याकडे दुसऱ्याच्या कपाला तोंड लावणं म्हणजे दुसऱ्याच्या ब्रशने दात घासण्यासारखं होतं.

तेव्हा कलम असं झालं की दर महिन्याच्या पहिल्या दिवशी साहेब फळीपाशी जाणार, एकेका कपात बोट फिरवणार, आणि महिनाभर कोरडा पडलेला कप उतरवून कपाटात ठेवणार. कप उतरला की खुर्ची गेली. "त्याचा कप उतरला" असं आम्ही नोकरी गेलेल्याबद्दल म्हणायचो. पुढे पुढे मेलेल्याबद्दलही तसंच म्हणायला लागलो.

हे सगळं गमतीचं होतं, आमचे मुद्रितशोधक आजारी पडेपर्यंत.

छापून आलेले कागद तपासायचं काम त्यांचं. त्यांना सगळे स्वल्पविराम म्हणायचे, अगदी तोंडावर. एक तर जन्मभर ते दुसऱ्यांच्या वाक्यात स्वल्पविराम घालत आले, आणि दुसरं म्हणजे स्वतः बोलताना वाक्याच्या मधोमध असे थांबायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, संपलं. आपण उठून निघालो की मागून उरलेलं वाक्य यायचं. एकटेच होते, थोरल्या बहिणीजवळ राहायचे. त्यांचा कप निळ्या काठाचा, कानाजवळ केसाएवढी चीर गेलेला. मावशी तो शेवटी आणि सगळ्यांत जपून धुवायच्या.

आम्ही 'ओ'मध्ये शिरलो आणि स्वल्पविरामांनी अंथरूण धरलं. छातीचं दुखणं. आधी दवाखाना, मग घरीच पडून. त्यांना बघायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, तब्येतीचं सांगतील, डॉक्टरांच्या तक्रारी सांगतील. ते छताकडे बघत म्हणाले, "कप..."

मी थांबले. त्यांच्याशी बोलताना थांबायची सवय लागलेली असते.

"...आहे ना?"

"आहे की."

"स्वल्पविराम आहे म्हणावं हा. पूर्णविराम नाही," ते म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदाला हसताना त्यांना खोकल्याची उबळ आली. त्यांच्या बहिणीने मला डोळ्यांनीच 'आता निघा' म्हटलं.

जो जायचा त्याला ते हेच विचारायचे. कप आहे ना. नोकरी आहे ना, असं विचारायची त्यांची हिंमत नव्हती, आणि आमची सांगायची. कारण आतली गोष्ट अशी होती की त्यांची रजा संपत आली होती, आणि कोशाला पैसा पुरवणाऱ्या मंडळाने कलमसाहेबांना दोनदा विचारलं होतं, की त्या जागेवर एखादा तरुण, धट्टाकट्टा माणूस का घेत नाही? नोकरी गेली असती तर स्वल्पविराम उपाशी मेले नसते, बहीण होती. पण परत यायला त्यांच्याजवळ दुसरं ठिकाण नव्हतं, आणि ज्याला कुठे परत यायचंच नाही, तो माणूस खाटेवरून कशाला उठेल? हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं आणि सगळे मूग गिळून बसले होते.

महिन्याचा पहिला दिवस उजाडला. साहेब फळीपाशी गेले तसे आम्ही काही ना काही निमित्त काढून पडद्याजवळ जमलो. मावशी स्टोव्हपाशी होत्या, आधण बघत. साहेबांनी एकेक कप पाहिला. निळ्या काठाच्या कपाशी आल्यावर त्यांनी चष्मा पुसला, आणि उगाचच बराच वेळ पुसत राहिले. मग कप आकड्यावरून काढला, बोट घालायला जरा कलता केला.

टप्पकन एक थेंब त्यांच्या पांढऱ्या बाहीवर पडला. चहाचाच, विसळताना राहिलेला, फिकट तांबूस.

साहेब त्या डागाकडे बघत राहिले. "हा कप कोण वापरतं?"

"मी," मावशी म्हणाल्या. पाठ न वळवता.

"तुम्ही? दुसऱ्याच्या कपातून?"

"धुते की, साहेब. तुमच्यापेक्षा स्वच्छ धुते."

"कधीपासून?"

"भाऊ आजारी पडले तेव्हापासून हाच. त्याआधी ज्याचा रिकामा असेल त्याचा. रोज कुणी ना कुणी रजेवर असतंच. उगाच कप वाळून राहायचा, त्यापेक्षा मी घेते घोटभर."

"पण तुमचा स्वतःचा कप कुठंय?"

आता मात्र मावशी वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं. "माझा कुठला कप?"

मावशी आमच्या पटावर नव्हत्याच. इमारतीच्या मालकाने त्यांना जिना झाडायला ठेवलं होतं आणि चहाचं आम्ही आपसात ठरवलेलं. त्यामुळे फळीवर त्यांना आकडा नव्हता. 'ए'पासून 'ओ'पर्यंत त्या रोज आमच्यातल्याच कुणाच्या तरी कपातून चहा पीत होत्या, आणि शब्दाच्या पोटात शिरून त्याचं मूळ काढणाऱ्या आमच्यासारख्या लोकांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मला एवढी लाज वाटली की मी आपली आधणाकडे बघत बसले.

साहेबांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते म्हणाले, "कलमात, कप कोरडा असल्यास, असे शब्द आहेत. हा कोरडा नाही. कोणी ओला केला, हे कलम विचारत नाही." आणि त्यांनी कप परत आकड्याला लावला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच रुक्ष होता, पण बाहीचा तो डाग त्यांनी दिवसभर धुतला नाही.

त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर जो शब्द आला, तो होता 'ओन'. 'माय ओन हाउस', 'हर ओन चाइल्ड' यातला. स्वतःचा, आपला. शेंबडं पोरही वापरील असा शब्द. मला वाटलं, दुपारपर्यंत हातावेगळा होईल. पण घोडं अडलं ते मुळापाशीच. जुन्या इंग्रजीत असणं, बाळगणं, ताब्यात ठेवणं अशा अर्थाचं एक क्रियापद होतं. त्याचंच 'बाळगलेलं' असं रूप म्हणजे हा 'ओन'. म्हणजे मुळात ती कुठली जवळीक नव्हे. आपण जे धरून ठेवलं, ते आपलं, एवढंच. इथवर ठीक होतं. पण त्याच क्रियापदाची आणखी दोन मुलं निघाली. एक 'ओ', अक्षर नव्हे, शब्द, म्हणजे देणं लागणं. दुसरं 'ऑट', म्हणजे करायला हवं. एकाच घरातले तिघे भाऊ. आपलं असणं, देणं लागणं आणि करणं भाग असणं. मी चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा पाहिल्या. चूक नव्हती. पूर्वी जे 'माझ्याजवळ आहे' होतं, तेच कालांतराने 'मला द्यायचं आहे' झालं, आणि मग 'मला केलं पाहिजे'.

"आज कुठला शब्द?" मावशींनी विचारलं.

"ओन. म्हणजे स्वतःचा."

दुसऱ्या दिवशी, "आज?"

"ओन."

तिसऱ्या दिवशी त्यांनी कप ठेवला, माझ्या चिठ्ठ्यांवर नजर टाकली आणि म्हणाल्या, "एवढ्याशा शब्दाला एवढे दिवस? मागच्या हप्त्यात तू ते हातभर लांबीचं औषधाचं नाव दोन तासांत उडवलंस."

"छोटाच त्रास देतोय, मावशी."

"छोटेच देतात," त्या म्हणाल्या. "माझी लेकही लहान होती तेव्हाच जास्त छळायची."

इकडे कलमसाहेबांचं निराळंच चाललं होतं. एक दिवस ते कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. पिवळा कप. हळदीसारखा पिवळाधमक, जाड, कान किंचित वाकडा. दुकानात शेवटी उरलेला असणार, नाहीतर असा कप कोण आणतं? फळीच्या टोकाला त्यांनी स्वतः आकडा बसवायला घेतला. आयुष्यात त्यांनी पेचकस कधी धरला नव्हता. बोट सोललं, फळीचा टवका निघाला, पण आकडा बसला. कप टांगून ते मावशींना म्हणाले, "हा तुमचा."

मावशी कितीतरी वेळ बघत उभ्या राहिल्या. एक बोट पुढे करून कपाला लावलं, तसा तो आकड्यावर जरासा झुलला. "छान आहे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खालच्या शिंप्याला ऐकू गेला नसेल.

मग चहा झाला. सगळ्यांचे कप भरले. आम्ही सगळे बघत होतो. मावशींनी निळ्या काठाचा कप काढला, त्यात आपला चहा ओतला आणि पिऊन टाकला.

"मावशी, तुमचा कप!" साहेब दुखावले होते.

"असू दे की, साहेब. पळून जातोय का?"

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. साहेब नाराज होऊन आपल्या कागदांत डोकं घालून बसले. मला राहवेना. दुपारी मी पडद्यामागे गेले.

"आवडला नाही का कप?"

"अगं, न आवडायला काय झालं! या भिंतीला पहिल्यांदा माझं म्हणून काहीतरी लागलं. रात्री झोपताना आठवतो मला तो."

"मग पीत का नाही त्यातून?"

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या, शिकल्यासवरल्या माणसाला एवढंही कळू नये, अशा नजरेने. "चहा मी एकदाच पिते. दुसरा घेतला की पित्त खवळतं, मग दिवसभर डोकं धरून बसायचं. एका पोटात किती चहा जाणार? मग कुणाचा वाळवू, भाऊंचा की माझा?"

"पण तुमचा कोरडा राहिला तर साहेब तो उतरवतील. कलम आहे."

"उतरवू देत. मी त्याआधीही इथेच होते आणि नंतरही असेन. भाऊंचं तसं नाही." आणि लगेच, "जा आता, तुझा तो चिमुरडा शब्द वाट बघत असेल."

मी टेबलाशी आले पण शब्दात लक्ष लागेना. पिवळा कप रोज तसाच टांगलेला दिसायचा. मावशी त्यावरची धूळ फडक्याने झटकायच्या, पण ओला करायच्या नाहीत. महिना संपायला आला. शेवटी एक दिवस मावशी जिना झाडायला गेल्या तशी मी पडद्यामागे शिरले. ठरवलं होतं, आज आपण त्या कपातून प्यायचं. जगबुडी होणार नाही. कप हातात घेतला आणि दचकलेच. तो ओला होता.

म्हटलं, मावशींनीच मन बदललं असेल. पण दुसऱ्या दिवशी मी जरा आधी गेले, तर थोरले संपादक मोरीपाशी पाठमोरे उभे. हातात पिवळा कप, आणि एखाद्या पोराने गुळाच्या डब्यात हात घातलेला असावा तसा चेहरा.

"साखर... बघत होतो," ते म्हणाले.

"कपात?"

ते गोरेमोरे झाले. मग आम्ही दोघे असे हसलो की आतल्या लोकांना कळू नये म्हणून तोंडावर हात ठेवावे लागले. त्यांनी कप माझ्यापुढे केला. अर्धा उरला होता, तो मी प्याले. दुसऱ्याच्या कपातला तिसऱ्याचा उष्टा चहा. कुठे बोलायची सोय नाही. पण एवढा गोड चहा मी त्या कचेरीत कधी प्याले नव्हते, साखर मावशींनी नेहमीइतकीच घातलेली असूनही.

पहिली तारीख आली. साहेबांनी सगळे कप पाहिले. निळ्यातून बोट ओलं निघालं. मग पिवळा. साहेबांनी त्यात बोट घातलं, बाहेर काढलं, रुमालाला पुसलं. "ओला," म्हणाले. कुणी वापरला, हे त्यांनी विचारलं नाही. मावशींनी मात्र आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीने रोखून पाहिलं. अळीमिळी गुपचिळी. त्यांनी आधणात चहा टाकला, आणि त्या दिवशीचा चहा जरा जास्तच कडक झाला.

साहेबांनी का विचारलं नाही, ते मला पुढे कळलं. एका सकाळी मी कुलूप उघडायच्या वेळेलाच आले. साहेब पडद्यामागे उभे होते, कालचा उरलेला गार चहा पिवळ्या कपातून पीत. मी आवाज न करता परत जिना उतरले आणि खाली शिंप्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत उभी राहिले.

'ओन'ची नोंद मी पुरी केली. अर्थापाशी माझा आणि थोरल्या संपादकांचा खटका उडाला. त्यांना 'स्वतःचा' हवा होता, मला 'आपला'ही. ते म्हणाले, 'आपला' म्हटलं की त्यात ऐकणाराही येतो. इंग्रजी शब्दात ऐकणाऱ्याला जागा नाही. मी म्हटलं, सर, पिवळा कप कुणाचा? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, लाल पेन उचललं आणि न चालवताच ठेवून दिलं. दोन्ही अर्थ राहिले. उदाहरणाचं वाक्य मी लिहिलं होतं, 'तिचा स्वतःचा कप होता, पण ती त्यातून चहा पीत नसे.' एरवी असल्या वाक्यावर त्यांनी समासात 'का?' असं मोठं लिहिलं असतं. ते तसंच छापलं गेलंय.

'ओ' संपून आम्ही 'पी'मध्ये बरेच आत गेलो तेव्हा स्वल्पविराम परत आले. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबत, बहिणीचा हात धरून. गालफडं बसलेली, कोट खांद्यावरून लोंबणारा. कुणाशी न बोलता ते सरळ पडद्यामागे गेले. आम्ही मागोमाग. त्यांनी निळ्या काठाचा कप आकड्यावरून काढला, आत बोट घातलं आणि बोट ओलं निघालं. ते बोटाकडे बघत उभे राहिले.

"मला वाटलं होतं..." ते म्हणाले. आम्ही सगळे थांबलो. पण उरलेलं वाक्य त्या दिवशी आलंच नाही.

"बसा भाऊ, चहा टाकते," मावशी म्हणाल्या. त्यांना त्यांच्या कपात चहा दिला. आणि मग, इतक्या महिन्यांनी, पिवळा कप काढला, त्यात आपला चहा ओतला आणि दोन्ही हातांत धरून एक घोट घेतला.

"बाई गं," त्या म्हणाल्या, "जड आहे की हा!"

त्यानंतर मावशी रोज त्यातूनच प्यायल्या. तक्रार करत, पण त्यातूनच. रजेवर गेलेल्यांचे कप मात्र आता वाळायला लागले, आणि त्याचं एकट्या साहेबांना वाईट वाटायचं, असं मला वाटतं.

'डब्ल्यू' संपता संपता कचेरी बंद झाली. उरलेली अक्षरं कुठल्याशा मोठ्या प्रकाशकाने यंत्रावर करून घेतली. शेवटच्या दिवशी ज्याने त्याने आपला कप उतरवून घेतला. स्वतःच्या हाताने आपलाच कप उतरवायचा, आणि तो ओला असताना. मला तर रडू आवरेना. स्वल्पविरामांनी आपला निळा कप रुमालात बांधून नेला. ते पुढे बरीच वर्षं होते.

मावशी लेकीकडे दुसऱ्या गावी राहायला जाणार होत्या. पिवळा कप त्यांनी माझ्या हातात दिला. "तू ठेव. तिच्याकडे काचेच्या कपाटात सगळे सारखे सारखे कप आहेत. त्यात हा कुठं टांगू? तुझ्या स्वयंपाकघरात खिळा आहे ना?"

"ठोकते," मी म्हटलं.

"आणि वाळू देऊ नकोस."

मी तो वाळू दिला नाही. ओट्याच्या वर खिळा ठोकला, आणि सकाळचा चहा माझ्या फुलांच्या कपात, दुपारचा पिवळ्यात, असा नेम पाडून घेतला. मावशी अधूनमधून फोन करायच्या. तब्येत, पित्त, नातवंडं यांच्या गोष्टी झाल्या की फोन ठेवायच्या आधी आवाज जरा खाली आणून विचारायच्या, "कप ओला आहे ना?" मी हो म्हटलं की, "बरं," म्हणायच्या. मला स्वल्पविरामांची खाट आठवायची. शेवटी शेवटी त्यांना माझं नाव आठवेनासं झालं, नातवंडांचीही सरमिसळ व्हायची. कपाचं मात्र कधी चुकलं नाही.

मग फोन यायचे थांबले. एके दुपारी दार वाजलं, तर त्यांची लेक. तीच उंची, तेच हाडकुळे हात. मला बघून कसनुसं हसली. आई गेल्याचं तिने फोनवर कळवलं होतंच. म्हणाली, "आईची म्हणून काहीच वस्तू नाही हो माझ्याजवळ. कपडे होते ते वाटून टाकले. तिचा एक कप तुमच्याकडे आहे म्हणायची. तो न्यायला आले." हातात रिकामी कापडी पिशवी होती.

कप द्यायचं माझ्या जिवावर आलं, खोटं कशाला बोलू? पण तिचा हक्क होता. मी तिला स्वयंपाकघरात नेलं. "तो बघा," म्हटलं.

तिने खिळ्यावरून कप काढला. पंधरा मिनिटांपूर्वी मी त्यातून प्याले होते. कलता झाला तसा एक थेंब तिच्या मनगटावर पडला.

ती त्या थेंबाकडे बघत राहिली. मग कपात बोट घातलं.

"ओला आहे," ती म्हणाली. "मला वाटायचं, आई बडबडतेय. शेवटच्या दिवसांत मला, नर्सला, दाराशी आलेल्या कुणालाही विचारायची. कप ओला आहे ना? आम्ही आपले हो म्हणायचो." तिने बोट पुन्हा कपात फिरवलं. "म्हणजे खरंच होता."

पातेल्यात थोडा चहा उरला होता, तो गरम करायला ठेवला. तिने पिवळा कप पुढे केला, मी त्यात ओतला. दोन्ही हातांत धरून ती खिडकीपाशी उभी राहून प्याली. "जड आहे," म्हणाली, आणि मला एकाच वेळी हसू आणि रडू फुटलं.

चहा संपल्यावर तिने कप विसळला, न पुसता तसाच खिळ्याला टांगला आणि रिकामी पिशवी घडी करून हातात घेतली. "पुढच्या रविवारी येते," ती म्हणाली. "मलाही चहा एकदाच चालतो. त्या दिवशी तुम्ही तुमच्या कपातून घ्या."